प्रतिपक्षाचा हेतू : एकपात्री विज्ञानकथात्मक युद्धक्रीडेच्या नियमांची मीमांसा

१

दिवाळी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या अंगणांत मुले दगडमातीचा किल्ला रचू लागतात. तट आणि बुरूज उभे राहतात, उतारावर अळीव पेरून हिरवळ आणली जाते, माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ती बसते आणि पायवाटांवर बाजारातून आणलेले मातीचे मावळे पहाऱ्याला उभे केले जातात. लघुमूर्तींच्या साहाय्याने रणभूमी साकार करण्याची ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित परंपरा होय. तथापि या सैन्याचे एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्यासमोर बहुधा शत्रूच नसतो. हा किल्ला जिंकला जात नाही आणि पडतही नाही. सण उलटला की तो मोडला जातो, इतकेच. म्हणून त्यास देखावा म्हणावे लागते, क्रीडा म्हणता येत नाही.

देखाव्याची क्रीडा होण्यास तीन गोष्टी लागतात. मूर्तीने एका वेळी किती अंतर चालावे याचे माप, तिच्या प्रहाराचा परिणाम ठरविण्याची रीत आणि तिच्या इच्छेला विरोध करणारी दुसरी इच्छा. पहिल्या दोन गोष्टी मोजपट्टी आणि फासे यांनी सिद्ध होतात. तिसरी मात्र आजवर समोर बसलेल्या माणसाकडूनच मिळत आली. तो माणूस नसेल तर काय करावे, हा एकट्याने खेळावयाच्या युद्धक्रीडेचा मूळ प्रश्न आहे.

अशा क्रीडेस येथे 'एकपात्री' हे विशेषण योजिले आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' किंवा लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' यांमुळे मराठी प्रेक्षकाला हा शब्द परिचित आहे. 'वऱ्हाडा'त एकच नट पन्नासाहून अधिक पात्रे उभी करीत असे. परंतु साम्य येथेच संपते. एकपात्री प्रयोगातील नटापाशी संहिता असते, आणि पुढचे पात्र काय बोलणार हे त्याला ठाऊक असते. किंबहुना ते ठाऊक असणे हीच त्याच्या कलेची पूर्वअट होय. एकपात्री क्रीडेत नेमके उलट घडावे लागते. दोन्ही बाजूंच्या मूर्ती हलविणारा हात एकच असूनही दुसऱ्या बाजूची पुढील चाल त्या हाताच्या धन्याला ठाऊक असता कामा नये. हे अज्ञान उत्पन्न कसे करावे, आणि क्रीडा भविष्यकालीन जगात नेली असता ते टिकते की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रतिपक्षाविषयीचे अज्ञान हे युद्धक्रीडेच्या इतिहासात आरंभापासून जाणीवपूर्वक राखलेले आढळते. प्रशियात राइस्वित्झ या पितापुत्रांनी या क्रीडेस पद्धतशीर रूप दिले. पित्याने १८१२ मध्ये आपला पट राजापुढे ठेवला आणि पुत्राने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाची नियमावली प्रसिद्ध केली. या दुसऱ्या रूपात पंचाचे स्थान मध्यवर्ती होते. दोन्ही सेनापती आपापल्या आज्ञा पंचाकडे देत, आणि ज्या शत्रुतुकड्या प्रत्यक्ष दृष्टीच्या टप्प्यात येतील तेवढ्याच पंच नकाशावर मांडीत असे. अर्थात प्रतिपक्षाची इच्छा एका माणसात आणि तिच्यावरचा पडदा दुसऱ्या माणसाच्या हाती, अशी ही वाटणी होती. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ याने फाशांची व कोष्टकांची बोजड यंत्रणा दूर सारून पंचाच्या अनुभवसिद्ध निर्णयावर भर दिला. कोष्टक श्रेष्ठ की विवेक श्रेष्ठ, हा वाद तेव्हापासूनचा आहे, आणि एकपात्री क्रीडेत तो नव्या रूपाने उभा राहतो. कारण तेथे कोष्टक वाचणारा आणि विवेक करणारा एकच असून तोच निकालात गुंतलेला पक्षकारही असतो.

ही क्रीडा लष्करी पाठशाळेतून घरच्या जमिनीवर आणण्याचे श्रेय एच. जी. वेल्स यांना दिले जाते. त्यांचे 'फ्लोअर गेम्स' १९११ मध्ये आणि 'लिटल वॉर्स' १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. १८९८ मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहून मंगळावरील आक्रमक वाचकांसमोर उभा करणाऱ्या या लेखकाने आपल्या खेळात मात्र खेळण्यातले साधे शिपाई, घोडेस्वार आणि लाकडी गोळी फेकणाऱ्या स्प्रिंगच्या तोफाच ठेवल्या. विज्ञानकथेचा एक जनक आणि लघुमूर्ती-युद्धक्रीडेचा एक जनक अशा दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असूनही या दोन विद्यांची गाठ त्याने घातली नाही. शत्रू सर्वस्वी परका असेल तर त्याच्या बाजूने खेळणार कोण, ही अडचण त्यांच्या कथेत उद्‌भवत नव्हती, परंतु खेळात ती ताबडतोब उद्‌भवली असती.

एकट्याने खेळण्याचा प्रश्न स्वतंत्र ग्रंथाचा विषय झाला तो डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९७३ मधील 'सोलो वॉरगेमिंग'मुळे. १९६२ मधील 'वॉर गेम्स' या त्यांच्या पुस्तकाने छंद म्हणून या क्रीडेचा प्रसार केला होताच. या काळातील एकपात्री युक्त्यांचा रोख मुख्यतः एका गोष्टीकडे होता. शत्रू कोठे आहे, हे खेळाडूला कळू नये. पालथ्या चकत्या, पत्त्यांची गड्डी, तुकड्यांच्या आगमनासाठी फासे, ही सर्व साधने स्थानाचे गुपित राखण्यासाठी होती. राइस्वित्झच्या पंचाचे काम पुठ्ठ्याच्या चकतीकडे सोपविले गेले, असे या अवस्थेचे वर्णन करता येईल.

३

विज्ञानकथात्मक लघुमूर्ती-क्रीडेचा विस्तार प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. रिक प्रीस्टली यांची 'वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर' ही नियमावली १९८७ मध्ये आली. तिच्या मूळ रूपात दोन खेळाडूंखेरीज प्रसंगाची आखणी करणारा तिसरा सूत्रधार गृहीत धरलेला होता. पुढील आवृत्त्यांतून हा सूत्रधार मागे पडला आणि समोरासमोरची स्पर्धा उरली. परिणामी ज्याला घरी एकट्याने ही क्रीडा करावयाची आहे, त्याला दोन रिकाम्या खुर्च्यांची सोय लावावी लागते. एक प्रतिपक्षाची आणि दुसरी सूत्रधाराची.

उपलब्ध रूपांतरे पाहिली असता ती बहुशः बेरजेच्या पद्धतीने केलेली दिसतात. ऐतिहासिक नियमावली घ्यावयाची, बंदुकीच्या जागी किरणास्त्र आणि घोड्याच्या जागी तरंगते वाहन लिहावयाचे, आणि शेवटी एकट्याने खेळण्याची कोष्टके जोडावयाची. या पद्धतीत विज्ञानकथा हा एक थर आणि एकाकीपण हा दुसरा थर, असे मानले जाते. हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. विज्ञानकथेतील नवी गोष्ट खरोखरीच नवी असेल, तर तिने एखादा तरी नियम बदलला पाहिजे. केवळ शस्त्राचे नाव बदलणे म्हणजे जुन्या कीर्तनाला नवा फेटा बांधणे होय. आणि तिने नियम बदलला, तर तो बदल एकपात्री यंत्रणेच्या मुळावर येण्याचा संभव असतो. ते कसे, हे पाहण्यापूर्वी आज प्रचलित असलेल्या पद्धतींचे बलाबल पाहणे इष्ट ठरेल.

४

पहिली पद्धत वर्तनकोष्टकाची. आयव्हन सोरेन्सन यांची 'फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम' ही एकट्यानेच खेळण्यासाठी रचलेली नियमावली तिचे ठळक उदाहरण होय. २०२१ मधील तिच्या विस्तारित आवृत्तीत खेळाडू एका लहानशा अंतराळयानाचा ताफा चालवितो. शत्रू कोण, ते कोष्टक ठरविते. आणि प्रत्येक प्रकारच्या शत्रूला आक्रमक, सावध, बचावात्मक, डावपेची, बेफाम असा एखादा स्वभाव दिलेला असतो. या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या वेगात आहे. शत्रूची चाल ठरविताना फारसा खल करावा लागत नाही. तिची उणीव अशी की, शत्रू कसा चालतो एवढेच ती सांगते. सावध शत्रू आडोसा धरतो आणि आक्रमक शत्रू अंगावर येतो. परंतु त्याला हवे तरी काय, हा प्रश्न चढाई कोणाविरुद्ध आहे एवढ्यावरच मिटविला जातो. चार-सहा डावांनंतर खेळाडूला स्वभावांची सवय होते, आणि ज्याची सवय झाली तो शत्रू उरत नाही, अडथळा बनतो.

दुसरी पद्धत प्रतिक्रियाचाचणीची. एड टेशेरा यांच्या 'चेन रिअ‍ॅक्शन' आणि तिच्यावर आधारलेल्या '५१५०' या विज्ञानकथात्मक मालिकेत ती आढळते. येथे प्रत्येक मूर्तीला एक गुणांक असतो. गोळी सुटली किंवा शत्रू दृष्टीस पडला की दोन फासे टाकावयाचे आणि गुणांकाइतके अथवा त्याहून कमी दान पडलेले फासे मोजावयाचे. दोन्ही, एक किंवा शून्य फासे उत्तीर्ण होतात, आणि त्यानुसार मूर्ती प्रतिहल्ला करते, आडोसा घेते किंवा पळते. गणित सोपे असून बोलके आहे. गुणांक ५ असलेला सैनिक ३६ पैकी २५ वेळा दोन्ही फाशांत, १० वेळा एका फाशात उत्तीर्ण होतो, आणि केवळ एकदा पूर्णतः अनुत्तीर्ण होतो. गुणांक ३ असेल तर हीच वाटणी ९, १८ आणि ९ अशी होते. म्हणजे कसलेला शिपाई ३६ प्रसंगांत एकदा कच खातो, तर नवखा चारात एकदा. येथे नियमाने चारित्र्य निर्माण केले आहे असे म्हणता येते. त्याहून महत्त्वाचे हे की, ही चाचणी खेळाडूच्या स्वतःच्या माणसांनाही लागू आहे. आपला शिपाई आपली आज्ञा मोडू शकतो. नियम खेळाडूला येथे प्रथमच नकार देतो. तथापि हा नकार क्षणापुरता आहे. गोळी चुकविणे हे सैनिकाचे प्रतिक्षिप्त कर्म झाले. तो रणात का आला, याचे उत्तर त्यात नाही.

तिसरी पद्धत प्रश्नोत्तराची. २००३ मध्ये आलेल्या 'मिथिक' या साधनात सूत्रधाराऐवजी कोष्टकाला प्रश्न विचारावयाचा आणि संभाव्यता ठरवून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर फाशाकडून घ्यावयाचे अशी रीत आहे. लघुमूर्ती-क्रीडेत ती सहज वापरता येते. ही पद्धत तिन्हींत सर्वांत लवचीक आहे आणि म्हणूनच सर्वांत फसवी. प्रश्न खेळाडूचा, संभाव्यतेचा अंदाज खेळाडूचा, आणि उत्तराचा अन्वयार्थही खेळाडूचाच. तीन कुलपे आहेत, पण तिन्हींच्या किल्ल्या एकाच कनवटीला आहेत.

या तिघींहून वेगळी अशी एक जुनी रीत 'अँबुश!' या १९८३ मधील पटक्रीडेत दिसते. दुसऱ्या महायुद्धावरील या एकपात्री क्रीडेत प्रसंग पुस्तिकेतील परिच्छेदांत आगाऊ लिहून ठेवलेले असत आणि खेळाडू पटावरील ज्या जागी पोहोचेल त्यानुसार ते उघडले जात. येथे प्रतिपक्षाला खरोखरीचा हेतू असे, कारण तो लेखकाने आधीच दिलेला असे. परंतु एकदा वाचलेला परिच्छेद पुन्हा न वाचल्यासारखा होत नाही. हेतू मिळाला, पण एका डावापुरताच.

५

आता पूर्वी सूचित केलेल्या विरोधाकडे वळता येईल. एकपात्री क्रीडेतील अनिश्चितता परंपरेने स्थानाच्या गुपितावर उभी आहे. पालथी चकती जवळ जाईपर्यंत पालथी राहते, कारण झाडीमागे काय आहे ते सेनापतीला दिसत नाही. भविष्यकालीन, किंबहुना आजच्याही, रणभूमीवर हे खरे राहत नाही. आकाशातून टेहळणी करणारे ड्रोन, उष्णता टिपणारे दृक्‌यंत्र आणि उपग्रहाचे चित्र यांच्यापुढे झाडी, भिंत आणि रात्र हे तिन्ही आडोसे अपुरे पडतात. म्हणजे रूपांतरकाराने विज्ञानकथेशी प्रामाणिक राहावयाचे ठरविले तर पालथ्या चकत्या पहिल्याच फेरीत उलट्या कराव्या लागतील, आणि चकत्या उलट्या झाल्या की एकपात्री क्रीडेचा प्राणच जाईल. उलट एकपात्री यंत्रणा राखावयाची तर भविष्यातील सैन्य आजच्याहून आंधळे आहे असे मानावे लागेल. धुके, चुंबकीय वादळ, बिघडलेली यंत्रे अशी कारणे नियमावल्यांतून दिली जातात. ती पळवाटा होत. प्रत्येक डावाच्या आरंभी वादळ सुटत असेल, तर ते हवामान नव्हे, रचनेतील अडचण होय.

या पेचातून एक वाट निघते. टेहळणीचे यंत्र माणसांची संख्या सांगू शकते, त्यांचे अंतर आणि हातांतील वस्तूही सांगू शकते. ती माणसे कशासाठी आली आहेत, हे ते सांगू शकत नाही. स्थानाचे गुपित विज्ञान नाहीसे करते, हेतूचे करीत नाही. म्हणून एकपात्री विज्ञानकथात्मक क्रीडेत लपवावयाचा तो प्रतिपक्षाचा हेतू लपविला पाहिजे, त्याची जागा नव्हे. हा सिद्धान्त एका प्रत्यक्ष भूभागावर घासून पाहिल्यास त्याचा कस अधिक नीट लागेल. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे जंक्शन निवडले आहे; कारण तेथील रुळांच्या रचनेत आणि इतिहासात ही सर्व सामग्री अगोदरच उपस्थित आहे.

६

माढा तालुक्यातील कुर्डुवाडी पूर्वी रेल्वेच्या नकाशावर बार्शी रोड या नावाने ओळखली जाई. मुंबईहून सोलापूरमार्गे मद्रासकडे जाणाऱ्या रुंद मार्गावरील या स्थानकापासून बार्शीपर्यंत ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंदमापी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा अभियंता. प्रत्येक आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही आणि तो भार सर्व डब्यांवर सारखा वाटावयाचा, या तत्त्वावर त्याने हलक्या रुळांवरून पुष्कळ माल वाहून दाखविला. हा मार्ग एका बाजूस १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. १९५४ मध्ये तो सरकारने विकत घेतला, आणि २००० नंतरच्या सुमारे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. या रूपांतराचे महत्त्व एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या देशाच्या लक्षात आले. लातूर शहरातील पाणीटंचाई इतकी तीव्र झाली होती की, मार्च महिन्यातच पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. तेव्हा मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने पाण्याची गाडी लातूरला नेण्यात आली. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीला १० टाकीडबे होते आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.

बाविसाव्या शतकातील अशीच एक गाडी कुर्डुवाडीच्या फलाटाबाहेर उभी आहे आणि तिच्या संरक्षणाची जबाबदारी खेळाडूवर आहे, असा प्रसंग कल्पावा. इंजिन चालकाविना चालणारे, संरक्षक दल लहान, आकाशात टेहळणीची दोन यंत्रे. प्रचलित कोष्टकपद्धतीने हा प्रसंग मांडल्यास काय होईल ते उघड आहे. शत्रू म्हणून 'लुटारू' निघतील, स्वभाव 'आक्रमक' पडेल, आणि खेळाडू आडोशामागून त्यांना टिपू लागेल. रुळांची दिशा, पाण्याचे मोल आणि दुष्काळ हे सारे पार्श्वभूमीचे रंगकाम ठरेल.

हेतूचे गुपित मध्यवर्ती धरल्यास रचना बदलते. प्रथम आगमनाचा प्रश्न घ्यावा. कुर्डुवाडीस चार दिशा आहेत : पुणे, सोलापूर, बार्शी आणि पंढरपूर. चारांना समान संभाव्यता देणे सोपे, पण ते भूगोलाला सोडून होईल. पुणे–सोलापूर हा दुहेरी मुख्य मार्ग. उरलेल्या दोन शाखा एकेरी. म्हणून एका फाशावर १ व २ पुण्याकडून, ३ व ४ सोलापूरकडून, ५ बार्शीकडून आणि ६ पंढरपूरकडून, ही वाटणी अधिक न्याय्य ठरते. सहाचे दान दुर्मीळ आहे, परंतु त्याचा अर्थ गंभीर आहे. गाडी ज्या एकेरी मार्गाने आली तोच मागून बंद झाला. कोष्टकातील आकडे असे जागेतून यावेत. लेखकाच्या लहरीतून आलेले आकडे खेळाडूच्या लहरीला आवर घालू शकत नाहीत.

येणारी माणसे टेहळणीत लगेच दिसतात. त्यांच्या मूर्ती थेट पटावर मांडाव्यात. लपवावयाचा तो हेतू. त्यासाठी फाशाऐवजी पत्ते वापरणे युक्त होय. फाशाला स्मृती नसते, पत्त्यांना असते. बारा पत्त्यांच्या गड्डीत पाच पत्ते 'गावासाठी पाणी', चार 'गाऱ्हाणे ऐकविण्यासाठी गाडी अडविणे' आणि तीन 'विक्रीसाठी लूट' असे असावेत. प्रत्येक गटामागे एक पत्ता पालथा ठेवावा आणि पहिला प्रत्यक्ष संपर्क घडेपर्यंत तो उघडू नये. संपर्क म्हणजे गोळीच असे नव्हे. हाक मारणे हाही संपर्क होय, आणि त्यासाठी खेळाडूने आपला एक माणूस आडोशाबाहेर पाठविला पाहिजे. उघडलेला पत्ता गड्डीत परत जात नाही. त्यामुळे एका मोहिमेत पहिले तीन गट लुटारू निघाले तर पुढचा गट लुटारू असणे अशक्य होते, आणि खेळाडूचा संशय त्याच्याच नोंदवहीने खोटा ठरतो.

यानंतर जयापजयाचे माप. मारलेल्या शत्रूंची संख्या येथे निरर्थक आहे. १० डब्यांत ५ लाख लिटर म्हणजे एका डब्यात ५०,००० लिटर. दरडोई दिवसाला ४० लिटर धरले तर एक डबा १,२५० माणसांची एका दिवसाची गरज भागवितो. फुटलेल्या प्रत्येक टाकीमागे खेळाडूच्या खात्यातून १,२५० वजा व्हावेत. आणि हाच नियम 'गावासाठी पाणी' हा पत्ता असलेल्या गटालाही लागू करावा. म्हणजे तो गट टाकीच्या दिशेने कधीच गोळी झाडणार नाही. प्रतिपक्षाच्या वर्तनाचे वेगळे कोष्टक मग लागत नाही. हेतू कळला की वर्तन त्यातून निष्पन्न होते. टाकीला पाठ लावून उभा राहिलेला रक्षक पाणी न्यावयास आलेल्यांपासून सुरक्षित आहे, लुटारूंपासून नाही; आणि समोर कोण आहे हे ठाऊक नसताना त्याला तेथे उभे करावे की नाही, हा निर्णय कोणताही फासा खेळाडूच्या वतीने घेऊ शकत नाही.

या रचनेतून एक अनपेक्षित परिणाम निघतो. बारांपैकी नऊ पत्त्यांत समोरचा गट असा आहे की, ज्याच्याशी तडजोड होऊ शकते. म्हणजे चारांपैकी तीन वेळा पहिली गोळी झाडणारा खेळाडूच चुकीचा ठरणार. तीन डबे तोडून ठेवावेत आणि सात पुढे न्यावेत, हा कित्येकदा सर्वोत्तम निकाल असेल. आणि तो निकाल मांडण्यासाठी एकाही लघुमूर्तीला आडवे पाडावे लागणार नाही. युद्धक्रीडेच्या नियमांनी युद्ध टाळण्याची शक्यता खुली ठेवावी, यात विसंगती नाही. जेथे टाळणे शक्यच नाही तेथे लढण्याचा निर्णय हा निर्णयच नसतो.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. पंच नाही, प्रतिस्पर्धी नाही. मग पालथा पत्ता खेळाडूने चोरून पाहिला, किंवा नको ते दान पडल्यावर फासा पुन्हा टाकला, तर त्याला अडविणारे कोण? द्यूतसभेत निदान शकुनी एका बाजूस आणि युधिष्ठिर दुसऱ्या बाजूस होता. येथे दोघेही एकाच आसनावर बसलेले आहेत.

हा आक्षेप खरा आहे आणि कोणत्याही नियमाने तो पूर्णतः निरस्त होत नाही. नियम एवढेच करू शकतो की फसवणूक फसवणूक म्हणून ओळखू यावी. त्यासाठी दोन पथ्ये पुरेशी आहेत. दानाचा अर्थ फासा टाकण्यापूर्वी लिहून ठेवावा. आणि प्रत्येक दान, अनुकूल असो वा प्रतिकूल, नोंदवहीत उतरावे. अर्थ आधी आणि फासा नंतर, हा क्रम पाळला की अन्वयार्थाची पळवाट बंद होते. तरीही जो फसवील तो निदान अजाणता फसविणार नाही. प्रश्नोत्तरपद्धतीत नेमके हे अजाणतेपण राहते, आणि म्हणूनच ती पद्धत साहाय्यक म्हणून उपयुक्त असली तरी आधारभूत म्हणून स्वीकारता येत नाही.

ऐतिहासिक क्रीडेत खेळाडूवर आणखी एक अंकुश असतो : घडून गेलेली घटना. पानिपतावरील उपासमार त्याला पुसून टाकता येत नाही. भविष्यकालीन क्रीडेत असा साक्षीदार नाही. म्हणून विज्ञानकथात्मक रूपांतराचे नियम ऐतिहासिक नियमांहून सैल असावेत असा जो समज आढळतो, तो उलटा आहे. जेथे इतिहास साक्ष देत नाही, तेथे नियमालाच साक्षीदार व्हावे लागते.

८

मराठी वाचकाला या विषयाचे अगत्य का वाटावे, याचे उत्तर पानिपताच्या उल्लेखातच आहे. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई मराठी मन अडीचशे वर्षांहून अधिक काळ एकट्याने पुन्हा पुन्हा खेळत आले आहे. भाऊसाहेबांनी हत्ती सोडला नसता तर, यात्रेकरूंचा लोंढा बरोबर नसता तर, सूरजमल जाट टिकला असता तर, अशा चाली बदलल्या जातात आणि डाव जिंकला जातो. या डावात अब्दालीची मूर्ती आपल्या जागेवरून हलत नाही. चूक किंवा सुधारणा करण्याचा अधिकार एकाच पक्षाला असतो. तो दिवाळीच्या किल्ल्यासारखाच देखावा झाला. त्याला क्रीडा म्हणता येत नाही.

जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेचे मोल या संदर्भात अधिक उठून दिसते. तेथे विश्वासरावांना लागलेली गोळी अन्य एका जगात त्यांना चाटून जाते आणि इतिहास दुसरी वाट धरतो. फाशाचे एकच दान बदलले आहे, एवढ्यावर कथा थांबली असती तर तीही आपल्या मनाजोगती फेरमांडणी ठरली असती. परंतु लेखकाने त्या जगाला स्वतःचे नियम दिले. आपल्या सवयीप्रमाणे सभेच्या अध्यक्षपदाची रिकामी खुर्ची स्वीकारावयास गेलेल्या गंगाधरपंतांना तेथील श्रोते बसू देत नाहीत. अध्यक्षाची प्रथाच त्या जगाने मोडीत काढली आहे. ज्या जगात मराठे जिंकले त्या जगाने एका मराठी इतिहासपंडिताला नकार दिला. कल्पित जग खरे वाटू लागते ते या नकाराच्या क्षणी.

एकपात्री विज्ञानकथात्मक युद्धक्रीडेच्या नियमांकडूनही हीच अपेक्षा करावयास हवी. वर्तनकोष्टके शत्रूला चालवितात, प्रतिक्रियाचाचण्या त्याला बिचकवितात, प्रश्नोत्तरे त्याला खेळाडूच्या मनाजोगते बोलवितात. यांपैकी प्रतिक्रियाचाचणी सर्वांत प्रामाणिक असल्याने ती राखावी. परंतु तिच्या वर हेतूचे एक पालथे पान असल्याशिवाय समोरची बाजू माणसांची होत नाही. कुर्डुवाडीच्या रुळांवर उभ्या असलेल्या कल्पित गाडीकडे कोण चालत येत आहे, हे आकाशातील यंत्राला दिसते. ते का येत आहेत, हे कळण्यासाठी कोणाला तरी आडोशाबाहेर पडून हाक मारावी लागते, आणि ती हाक मारावयाची की नाही हा त्या डावातील पहिला खरा निर्णय असतो.